मोठं टोक आधी

माझ्या नवऱ्याला फोनवर मुद्द्याचं बोलता यायचं नाही. त्याचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून बसायची, कारण नमनालाच घडाभर तेल जायचं. एकदा भर दुपारी, मी ऑफिसात असताना, फोन आला. जेवलीस का, विचारलं. डब्यातली भेंडी छान झाली होती, म्हणाला. वारा फार सुटलाय, इंडियन दुकानात कोथिंबीर संपली होती, सकाळी शेजाऱ्यांचं कुत्रं पुन्हा आपल्या अंगणात शिरलं होतं. मी हूं हूं करत एका हातानं टाइप करत होते. शेवटी "बरं, ठेवतो" झालं आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि हो, संध्याकाळी मला घ्यायला येशील का? गाडी टो करून नेली. मागून एक ट्रक धडकला. मी इमर्जन्सीत बसलोय, पण तसं काही विशेष नाही."

मी तिथे पोहोचले ती भांडायच्या तयारीनंच. मानेला पट्टा बांधून हा शांतपणे बसला होता. "एकदम सांगितलं असतं तर घाबरली असतीस," म्हणाला.

त्याच्या घरची रीतच ती. वाईट बातमी घेऊन आलेल्यानं आधी पाणी मागायचं, घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची, ऐकणाऱ्याला खाली बसू द्यायचं आणि मग उठता उठता सांगायचं. मोठी गोष्ट माणसाच्या अंगावर टाकू नये, असं त्याची आई म्हणायची. सासूबाईंचं तेवढं एकच वाक्य त्यानं आयुष्यभर पाळलं. बाकी सगळी सोयीनं विसरला.

आमची मुलगी मिशिगनात जन्मली आणि तिथल्याच नोव्हाय गावच्या शाळेत शिकली. इथे निबंध लिहायला शिकवतात तेव्हाच सांगतात, मुद्दा पहिल्या वाक्यात आला पाहिजे. पोरीनं ते निबंधापुरतं न ठेवता जगण्यालाच लावलं. ती दारातून आत यायची ती "आय फेल्ड द टेस्ट" म्हणतच, मग बूट काढायची. पुढे शिकून ती टेक्सासला शुगर लँडला गेली, तेलाच्या कंपनीत लागली, आणि बापलेकीचं जे काही बोलणं उरलं ते फोनवर आलं. तिथे पंचाईत सुरू झाली.

"बाबा, मेन गोष्ट काय आहे? जस्ट टेल मी."

"सांगतोय ना. आधी हे तर ऐक."

"मला मीटिंग आहे, बाबा. नंतर कॉल करते."

फोन बंद व्हायचा आणि मुद्दा याच्याकडेच राहायचा. मग हा माझ्याकडे बघायचा. "तूच सांग तिला." मी तिला फोन लावून एका वाक्यात सांगून टाकायची. उलट तिनं काही कळवलं की तेही माझ्यावरच. "मी जॉब सोडला" असं तिनं फोन उचलल्या उचलल्या त्याला सांगितलं तेव्हा हा दोन दिवस जेवला नाही. पुढच्या वेळेपासून तिच्या बातम्या ती मला द्यायची आणि मी चहा टाकून, हवापाण्यापासून सुरुवात करून, पोळ्या होईपर्यंत त्याच्यापर्यंत पोहोचवायची. दोघांचा एकमेकांवर जीव होता. पण मी मधे नसले की दोघं एकमेकांना ऐकू जायचे नाहीत.

आणि गंमत म्हणजे पोटासाठीही मी हेच करते. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिते. आजच्या गाड्यांच्या पोटात तारांचं जाळं असतं. कॅमेरा, ब्रेक, समोरचा पडदा, सगळे त्या तारांवरून एकमेकांशी बोलत असतात. तार जिथे येऊन मिळते ते कार्ड आणि आतलं यंत्र यांच्या मधे दुभाषी म्हणून जो प्रोग्राम बसतो, तो ड्रायव्हर. नोव्हायच्या आसपास गाड्यांचीच कामं, तेव्हा वीसेक वर्षं मी ही दुभाष्याची नोकरी करत आले आहे.

त्यातली सगळ्यात जुनी डोकेदुखी म्हणजे आकड्यांचा क्रम. मोठा आकडा यंत्राच्या स्मृतीतल्या एका खणात मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून शेजारशेजारच्या खणांत ठेवतात. प्रश्न एवढाच की पहिल्या खणात कुठला तुकडा. आपण मराठीत पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतात, वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. दोन्ही बरोबर, त्यात भांडण्यासारखं काही नाही. आमचे बहुतेक प्रोसेसर मराठी वळणाचे, लहान टोक आधी ठेवणारे. पण तारेवरचा जुना करार असा की मोठं टोक आधी जाईल. म्हणून आकडा बाहेर जाताना उलटवायचा आणि बाहेरून आत आला की पुन्हा उलटवायचा. विसरलात तर यंत्र तक्रार करत नाही, हीच खरी भीती. ऐंशी न उलटवता पाठवले की समोरच्याला वीस हजार चारशे ऐंशी दिसतात, आणि तो बिचारा तेच खरं धरून चालतो. शून्य मात्र कुठूनही वाचलं तरी शून्यच. म्हणून नुसत्या शून्यांवर चाचणी घेऊन "चालतंय मॅम" म्हणणाऱ्या नव्या पोरांवर मी उखडते.

माझा नियम साधा आहे. उलटवायचं ते उंबरठ्यावर, आणि एकदाच. कुठला आकडा तारेवरचा आणि कुठला घरचा, हे त्याच्या प्रकारातच लिहून ठेवायचं, म्हणजे चुकून सरमिसळ झाली तर तपासणारा प्रोग्राम बोंब ठोकतो. "माझ्या लक्षात राहील" म्हणणाऱ्याचं कोड मी वाचायच्या आधीच परत पाठवते. लक्षात कुणाच्याच राहत नाही.

एका वर्षी पानगळीच्या सुमाराला आम्हाला एक किडा छळत होता. तारेवरून येणारी माहितीची मोठी पाकिटं अधूनमधून गडप व्हायची. दोनशे छप्पन्न लांबीचं पाकीट आलं की आमचा ड्रायव्हर त्याची लांबी एक धरायचा, पहिला तुकडा उचलायचा आणि बाकी सगळं टाकून द्यायचा. वर "मिळालं" म्हणून पोच द्यायचा. मी आमचं कोड पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर होतं. कार्डातली चिप बनवणाऱ्यांनी त्यांचं वाचलं, तेही बरोबर होतं. शेवटी तिकडच्या एका बाईच्या बोलण्यातून उलगडा झाला. चिपच्या नव्या आवृत्तीत त्यांनी आकडे कार्डातच उलटवून द्यायला सुरुवात केली होती, आम्हा ड्रायव्हरवाल्यांचा त्रास वाचावा म्हणून. आम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मग आम्ही नेहमीप्रमाणे पुन्हा उलटवत होतो. दोन्हीकडची माणसं शहाणी आणि दोन्हीकडे सद्‌भावना, पण आकडा होता तसा उलटाच.

मी त्या संध्याकाळी खिचडी वाढताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणारा, लोखंडातला माणूस. माझ्या कामातलं त्याला फारसं कळायचं नाही, पण पंचवीसचा दाखला दिल्यावर तो खूश झाला. घास हातात धरून हसत बसला.

"म्हणजे मी लहान टोक आधीवाला. आणि पोरगी मोठं टोक आधीवाली."

"हो. आणि मी तुमचा बिनपगारी ड्रायव्हर."

"मग मीच उलटवून बोललो तर? तारेवर मोठं टोक आधी जातं म्हणतेस ना. फोन म्हणजे तारच की."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," मी म्हटलं. "तूप घे."

"बघच तू," तो म्हणाला. "पण तिला सांगू नकोस हं. तिचं तिला कळू दे."

मी हसण्यावारी नेलं, पण त्यानं खरंच मनावर घेतलं. सराव माझ्यावर सुरू झाला. दारातून आत येता येता गंभीर चेहरा करून म्हणायचा, "मोठं आधी. किल्ली हरवली." मग बूट काढत काढत वारा, ट्रॅफिक, ऑफिसातला समोसा. दुकानातून फोन करायचा, "मोठं आधी. तुझी मेथी नाही मिळाली." मी म्हणायची, अरे, ही काय मोठी गोष्ट झाली? तो म्हणायचा, सराव आहे हा, मोठी आली की कामाला येईल.

ती मोठी गोष्ट हिवाळ्यात आली. पाठ दुखते, जेवण जात नाही, पॅन्ट ढगळ होते, असं करता करता स्कॅनपर्यंत गेलो आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर चांगली होती, घाई न करता बोलली. बरं होण्याचं तिनं काही कबूल केलं नाही, पण उपचार घेऊन पुढचा उन्हाळा बघाल, असं म्हणाली. परत येताना गाडी मी चालवत होते. तो खिडकीतून बर्फाचे ढिगारे बघत होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "तिला मी सांगणार. तू मधे पडायचं नाहीस. या वेळी ड्रायव्हर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन लावला. ती प्लांटवर गेली होती, तिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा निरोप ठेवायला सांगणारी बाई बोलू लागली. मी ओट्याशी चहा गाळत होते. मला वाटलं, ठेवून देईल. पण तो खिडकीशी ताठ उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलला.

"बाळा, मोठं आधी सांगतो. माझा रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे. तू घरी ये, मला तुला बघायचंय."

मग त्यानं श्वास सोडला आणि खुर्चीत बसला. पुढचं बोलणं त्याच्या नेहमीच्या चालीत, घरंगळत आलं. तिकडे गरम होऊ लागलं असेल, आमच्याकडे अजून अंगणात बर्फ आहे. आईनं काल पावभाजी केली होती. तुझ्या गाडीच्या टायरमधली हवा तपासून घे, हवामान बदललं की कमीजास्त होते, मागच्या वेळी उजवीकडचा पुढचा जरा बसलेला वाटला होता. "बाकी सगळं ठीक. ठेवतो."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. पेपरात सगळ्यात अवघड प्रश्न आधी सोडवून आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. मला रडू येत होतं आणि त्याचं कौतुकही वाटत होतं. चहा मात्र पार गार झाला होता.

दुपारी तिचा मेसेज आला. "गॉट इट, बाबा. लव्ह यू." पुढे लाल हृदय.

त्यानं तो मला किती वेळा दाखवला असेल. "बघ, घाबरली नाही. कसं नीट घेतलं तिनं. उगाच आपण इतकी वर्षं आडवळणानं जात होतो." मला मात्र ती फोन करेल असं वाटत होतं. मी हात फोनकडे नेला तर तो म्हणाला, "ढोसू नकोस तिला. ती अशी गोष्ट आधी एकटीनं पचवते, तुला ठाऊक आहे. वीकेंडला येईल." ते खरंच होतं. लहानपणीसुद्धा काही लागलं-खुपलं की ती आधी खोलीचं दार लावून घ्यायची. शिवाय मी मधे न पडण्याचं कबूल केलं होतं. आणि डॉक्टरनं आम्हाला उन्हाळ्यापर्यंतचा वेळ दिलेला होता, एक आठवडा इकडे-तिकडे झाल्यानं काय होणार होतं?

त्यानं तिच्या खोलीतली चादर स्वतः बदलली. निळ्या चौकड्यांची, तिची आवडती. अर्ध्यात दमून खुर्चीत बसला. मी चादरीचं टोक धरायला गेले तर हात झटकून म्हणाला, "राहू दे. एवढं करू दे मला." मग पुन्हा उठून त्यानं चारही कोपरे गादीखाली खोचले.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात जायचं म्हणून पायमोजे घालता घालता त्याला श्वास पुरेनासा झाला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. या आजारात असं होतं, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. अँब्युलन्समध्ये तोंडावरचा मास्क जरा बाजूला करून त्यानं विचारलं, "तिचं विमान किती वाजता?" मी म्हटलं, "विचारते." मला ते विचारता आलं नाही. दुपार व्हायच्या आत तो गेला.

मी तिच्या प्लांटच्या ऑफिसात फोन करून तिला बोलावून घेतलं आणि तिच्या पद्धतीनं सांगितलं, एका वाक्यात. मग तिनं विचारलं, "काय झालं होतं त्याला?" मला वाटलं, धक्क्यानं तिला काही सुचत नाहीये. गुठळीचं तेवढं सांगितलं.

ती रात्रीच्या विमानानं आली. माझ्या गळ्यात पडून रडली, तिच्या खोलीत जाऊन त्या निळ्या चादरीवर झोपली. पुढचे दिवस माणसांचेच होते. मराठी मंडळातल्या लोकांनी डबे आणले, खुर्च्या आणल्या, फ्युनरल होमचं सगळं पाहिलं. अंत्यदर्शनानंतर घरी परतल्यावर मंडळातल्याच एक काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कॅन्सर कळल्यावरही किती शांत होता गं तुझा बाबा." मी समोरच उभी होते. मुलीचा चेहरा माझ्याकडे वळला, आणि त्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

लोक गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. "कॅन्सर होता?"

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"तुम्ही मला सांगितलं नाही. यू बोथ न्यू, आणि मला सांगितलं नाही. तुम्ही लोक नेहमी असंच करता. आजीच्या वेळी पण असंच केलं होतं. पोरांना काळजी नको! मी काय लहान आहे?"

"अगं, बाबानं तुला फोन..."

"फोन? तो टायर्सचं बोलत होता, आई!" तिनं खिशातून फोन काढला. "हे बघ. हा लास्ट मेसेज. ऐक तूच."

तिनं निरोप उघडला. पडद्यावर एक रेघ होती आणि रेघेवर एक ठिपका. फोननं त्याच्या मराठीचं इंग्रजी समजून काहीतरी निरर्थक लिहूनही ठेवलं होतं. तिनं सवयीनं अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला आणि तो सर्रकन ओढून रेघेच्या टोकाजवळ नेला. मग त्याचा आवाज आला. "...पुढचा जरा बसलेला वाटला होता. बाकी सगळं ठीक. ठेवतो."

"ही सेड सगळं ठीक," ती म्हणाली.

"तू... पुढून नाही ऐकत?" मी विचारलं.

"बाबाचे मेसेज? नाही, मी एंडलाच जाते. किती वर्षं झाली. त्याचं मेन नेहमी शेवटीच असतं ना. म्हणजे मी चिडत नाही त्याच्यावर. मीच शिकले तसं."

तो तिच्यासाठी शिकला होता आणि ती त्याच्यासाठी, आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. असल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आमच्या ऑफिसात कुणी आणून दिली असती तर मी पानभर वाचून ओळखली असती. ही माझ्या स्वयंपाकघरात घडली, मी चहा गाळत असताना.

त्या क्षणी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, पुढून लाव. म्हटलं असतं तर तिचा माझ्यावरचा राग तिथल्या तिथे संपला असता. पण मग तिला आयुष्यभर ते वाक्य ऐकू येत राहिलं असतं, तू घरी ये, मला तुला बघायचंय, आणि आपण ते अंगठ्यानं सरकवून पुढे गेलो हेही. मी तिच्या हातातल्या फोनवर हात ठेवला. "हो," म्हटलं. "सांगायला हवं होतं आम्ही. चुकलं."

तिनं हात काढून घेतला. दोन दिवसांनी ती टेक्सासला परत गेली. विमानतळावर मला मिठी मारली, पण त्या मिठीत तिचे हात सैलच होते.

नंतरचे महिने मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. तिचे मेसेज यायचे, पण कामापुरते. इन्शुरन्सचं झालं का. हो. गाडी विकलीस का. हो. फोन केला तर उचलायची नाही, नंतर लिहायची, बिझी होते. नवरा गेला होता आणि मुलगीही जात होती, आणि तिला थांबवणारी गोष्ट तिच्याच खिशात होती. कधी कधी मला त्याचा भयंकर राग यायचा. म्हणायची, अरे माणसा, एकदा, फक्त त्या एकदा, तुझ्या पद्धतीनं बोलला असतास तर काय बिघडलं असतं? टायर आधी, बर्फ आधी, पावभाजी आधी, आणि "आणि हो" म्हणून ते शेवटी. तिनं ऐकलं असतं. पहिल्या विमानानं आली असती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्याची आधी गेली.

ऑफिसात एकदा कुणाचं तरी कोड तपासायला आलं. नेहमीची चूक होती, माझ्या पाचवीला पुजलेली. मी शेरा लिहायला घेतला, "इथे कोण उलटवणार ते दोन्ही बाजूंनी आधी ठरवा," आणि मला पुढे लिहिता येईना. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि काचा बंद करून रडले. मग आत येऊन शेरा पूर्ण केला, कारण कोड थांबलं होतं.

उन्हाळा आला, डॉक्टरनं कबूल केलेला. एका शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात त्याच्या गुलाबाला पाणी घालत होते. फोन वाजला. तिचा होता, मेसेज नव्हे, फोन.

"आई," ती म्हणाली, "जेवलीस का?"

तिनं जन्मात मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही अजून. तू?"

"मी पोहे केले होते. ते पातळवाले निघाले, पार लगदा झाला. इकडे खूप ह्यूमिड आहे. एसी दुरुस्त करायला माणूस येणार होता, त्यानं कॅन्सल केलं. खालच्या मजल्यावरच्या बाईची मांजर आहे ना, ती आता माझ्या बाल्कनीत येऊन बसते."

मी पाण्याचा नळ बंद केला आणि डेकच्या पायरीवर बसले. ही चाल मला पाठ होती. मी तिला घाई केली नाही. हूं हूं करत राहिले. मांजरीचं नाव काय ठेवलंय ते तिनं सांगितलं. गाडीच्या टायरमध्ये हवा भरून आणल्याचं सांगितलं.

"बरं, ठेवू?" ती म्हणाली. मी फोन कानाशीच धरला.

"आणि हो, आई." ती म्हणाली. "मी काल बाबाचा मेसेज लावला. काही ऐकायचं म्हणून नाही. जस्ट त्याचा आवाज हवा होता, जेवढा आहे तेवढा. म्हणून स्टार्टपासून लावला."

समोर नळीतून उरलेलं पाणी थेंब थेंब गळत होतं.

"ही सेड इट फर्स्ट, आई. पहिल्याच वाक्यात. तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी किचनमध्ये?"

"हो."

ती रडत होती, आणि लहानपणासारखं दार लावून नाही, माझ्या कानाशी. मग तिनं विचारलं, "तो माझी वाट बघत होता?"

इतकी वर्षं मी या दोघांमधे उलटवून सांगत आले. त्याचं तिला सोपं करून, तिचं त्याला मऊ करून. आताही मनात जुळवाजुळव सुरू झाली होती, की आधी डॉक्टरचं सांगावं, गुठळीचं सांगावं, कुणालाच इतक्या लवकरचं वाटलं नव्हतं हे सांगावं. मग ते सगळं मी सोडून दिलं.

"हो," म्हटलं. "तू आलीस तेव्हा ज्या चादरीवर झोपलीस ना, ती त्यानं घातली होती. तुझ्यासाठी."

पुढे कितीतरी वेळ फोन दोघींनीही ठेवला नाही.